थिनरचा वास आणि ‘सुरक्षित मर्यादा’ : हा आकडा आला कुठून?

“डॉक्टर, कंपनीत दिवसभर थिनरचा वास असतो. त्याने काही होतं का?”

आमच्या भागात हा प्रश्न नवा नाही. बहुतेक वेळा तो तपासणी संपल्यावर, उठता उठता विचारला जातो. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही. थिनर कोणतं, दिवसातून किती तास, किती वर्षं, गाळ्याला खिडकी आहे का, यावर ते अवलंबून असतं. शिवाय ‘मर्यादेच्या आत आहे, काळजी नको’ असं कोणी सांगितलं, तर ती मर्यादा कोणी आणि कशावरून ठरवली हेही माहीत असायला हवं. म्हणून आज औषधांपेक्षा इतिहासाबद्दल थोडं जास्त बोलू.

सॉल्व्हंट म्हणजे विद्रावक. रंग, डिंक, रबर, तेल, ग्रीस असे पाण्यात न विरघळणारे पदार्थ विरघळवणारा आणि मग स्वतः हवेत उडून जाणारा द्रव. रंगाचं थिनर, पंक्चरवाल्याचं सोल्युशन, चपला चिकटवायचा डिंक, छपाईची शाई, मशीनचे भाग धुण्याचं केमिकल, औषध कंपनीतले टोल्युइन-अ‍ॅसिटोन, हे सगळे याच कुटुंबातले. ‘उडून जाणं’ हा त्यांचा गुण आणि तोच त्यांचा धोका. उडालेलं सॉल्व्हंट खोलीच्या हवेत जातं आणि तिथून आपल्या फुप्फुसांत.

आधी कारखाने, मग आपण

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झाली. खाडीपलीकडचा ठाणे-बेलापूर पट्टा हे तिच्या सुरुवातीच्या मोठ्या क्षेत्रांपैकी एक. साठ-सत्तरच्या दशकात इथे नोसिलचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, हर्डिलियाचा फिनॉल-अ‍ॅसिटोनचा कारखाना आणि त्यांच्या आगेमागे रंग, औषधं, रबर, प्लास्टिक यांचे असंख्य छोटे-मोठे उद्योग आले. सिडकोची स्थापना १९७० ची. वाशी, नेरूळ, जुईनगरच्या वसाहती त्यानंतरच्या आणि आपल्याकडे लोकल तर नव्वदच्या दशकात आली. म्हणजे इथे केमिकल आधी आलं आणि राहणारी माणसं नंतर. आजही जुईनगरहून महामार्ग ओलांडला की शिरवणे आणि तुर्भ्याची एमआयडीसी सुरू होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. सत्तरच्या वर गुण म्हणजे ‘अतिप्रदूषित’. नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले होते. पण हे गुण परिसराच्या हवा-पाण्या-जमिनीचे. बंद गाळ्यात डब्यावर वाकून काम करणाऱ्या माणसाच्या नाकासमोरच्या हवेचा हिशोब त्यात नसतो. तो वेगळा मांडावा लागतो आणि तो कसा मांडायचा हे शिकायला जगाला दीडशे वर्षं लागली.

“तुम्ही काम काय करता?”

इटलीतले डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. रोग्याला आपण जे प्रश्न विचारतो त्यात एक प्रश्न वाढवा, असा त्यांचा डॉक्टरांना सल्ला होता : तुमचा व्यवसाय काय? सॉल्व्हंटच्या बाबतीत पुढे लागलेला जवळजवळ प्रत्येक शोध याच प्रश्नातून लागला आहे.

१८५६ साली पॅरिसमध्ये ऑगस्त देल्पेश या डॉक्टरांनी रबराचे फुगे बनवणाऱ्या कामगारांचे हाल नोंदवले. डोकेदुखी, चिडचिड, भयानक स्वप्नं, पायांतली शक्ती जाणं, लैंगिक दुर्बलता. दोष होता रबर मऊ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायसल्फाइडचा.

पुढे १८९२ साली इंग्लंडमध्ये व्हिस्कोस रेयॉनचं, म्हणजे कृत्रिम रेशमाचं पेटंट निघालं. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया करायची, तयार झालेला मधासारखा द्रव बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा, की धागा तयार. धागा बनताना कार्बन डायसल्फाइड पुन्हा मोकळं होऊन हवेत येतं. याच प्रक्रियेचे मोठे कारखाने विसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या कल्याणजवळ उभे राहिले : आंबिवलीजवळच्या मोहन्याला नॅशनल रेयॉन, म्हणजे एनआरसी, आणि शहाडला सेंच्युरी रेयॉन. ठाणे जिल्ह्यातल्या हजारो घरांच्या चुली या धाग्यावर पेटल्या.

मज्जातंतूंवरचा परिणाम तोवर डॉक्टरांना ठाऊक होता. हृदयाचं कोणाच्या मनात नव्हतं. १९६८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी रेयॉन कामगारांच्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तेव्हा हृदयविकाराचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. फिनलंडमध्ये ३४३ रेयॉन कामगार आणि तुलनेसाठी तितकेच कागद कारखान्यातले कामगार वर्षानुवर्षं पाहिले गेले. सुरुवातीच्या काळात रेयॉन कामगारांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू चार पटींहून अधिक होते. मग तिथे हवेतली मर्यादा २० पीपीएमवरून १० वर आणली गेली आणि ज्यांना जास्त धोका होता त्यांना त्या खात्यातून हलवण्यात आलं. पुढच्या वर्षांत तो फरक नाहीसा झाला.

पीपीएम म्हणजे दहा लाख भाग हवेत किती भाग वाफ. हा फिनलंडचा अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या कामगाराला हार्ट अटॅक आला की आपण तंबाखू, साखर, कोलेस्टेरॉल विचारतो आणि ते विचारायलाच हवं. पण तिथे हवा स्वच्छ केल्यावर मृत्यू कमी झाले. कारण खोलीतल्या हवेतही होतं आणि ते काढता येत होतं.

सायकलचे टायर आणि चपलांचा डिंक

सॉल्व्हंटच्या इतिहासातलं सर्वांत मोठं प्रकरण बेंझिनचं. १८९७ साली स्वीडनमधल्या अप्सला शहरात सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या तरुण मुलींना अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त आणि कमालीचा अशक्तपणा येऊ लागला. चौघी दगावल्या. डॉक्टर सांतेसन यांनी बोट ठेवलं ते रबर विरघळवणाऱ्या बेंझिनवर. बेंझिन हाडांतल्या मगजावर, म्हणजे बोन मॅरोवर घाव घालतं आणि रक्तपेशी बनणंच मंदावतं. १९२८ साली फ्रान्समध्ये बेंझिनशी जोडलेल्या रक्ताच्या कॅन्सरची पहिली नोंद झाली.

असं असूनही स्वस्त आणि लवकर सुकणारं म्हणून बेंझिन वापरात राहिलं. जपानमध्ये पन्नासच्या दशकात ऑड्री हेपबर्न या नटीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सँडलची फॅशन आली. ओसाकामध्ये घरोघरी बायका त्या चिकटवून देत. डिंक बेंझिनचा, खोली लहान, मुलंबाळं तिथेच. कामगारांना अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया होऊन मृत्यू झाले, तेव्हा सरकारने बेंझिनयुक्त डिंकावर बंदी घातली.

आता खरी गोष्ट पुढे आहे. बेंझिन गेलं, त्याच्या जागी हेक्झेनचा डिंक आला. तो रक्ताला धक्का लावत नव्हता. पण काही वर्षांतच मिए प्रांतातल्या सँडल कामगारांचे हातपाय बधिर होऊ लागले, पावलं उचलेनात. १९६९ साली अशा ९३ जणांची नोंद प्रसिद्ध झाली. शरीरात गेलेल्या हेक्झेनचं यकृत एका वेगळ्याच विषात रूपांतर करतं आणि ते लांब मज्जातंतूंना आतून सुजवतं. म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते. ‘बेंझिन-फ्री’ हे लेबल खरं होतं, पण अपुरं होतं.

तीच गोष्ट नंतरही घडत राहिली. चीनमधल्या सुझोउ शहरात २००९ च्या सुमारास मोबाइलच्या काचा पुसायला स्पिरिटऐवजी हेक्झेन आणलं गेलं, कारण ते भरभर सुकतं. १३७ कामगारांना त्रास झाला. आपल्याकडे दिल्लीतल्या स्क्रीन प्रिंटिंग कामगारांमध्येही डॉक्टरांनी हाच आजार नोंदवला आहे.

चपलांचा धंदा आपल्यालाही परका नाही. चेंबूरजवळची ठक्कर बाप्पा कॉलनी, धारावी, इथे पोटमाळ्यावर डिंकाचा डबा उघडा ठेवून काम चालतं. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या अशाच छोट्या दुकानांत डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी २८,५०० चर्मकामगारांपैकी रक्ताचा कॅन्सर झालेले २६ जण शोधून १९७४ साली जगापुढे मांडले. हे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या दुपटीहून जास्त होतं. तिथेही सुरुवात झाली होती ती डिंक बदलल्यावर.

१०० पासून ०.०२ पर्यंत

आता ‘सुरक्षित मर्यादे’कडे येऊ. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने १९४६ साली कामाच्या जागी बेंझिनची मर्यादा १०० पीपीएम सुचवली होती. दोन वर्षांत ती ३५ झाली. त्याच १९४८ साली तिथल्या पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेच्या स्वतःच्याच आढाव्यात म्हटलं होतं की, पूर्णपणे सुरक्षित असं बेंझिनचं प्रमाण फक्त शून्य. व्यवहारात मात्र आकडा हळूहळू उतरत राहिला. पुढे २५, मग १०.

१९७७ साली ओहायोतल्या रबर कामगारांचा अभ्यास आला आणि रक्ताच्या कॅन्सरबद्दल शंका उरली नाही. सरकारने मर्यादा १० वरून १ पीपीएमवर आणली. उद्योग कोर्टात गेले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला : १० पीपीएमला किती धोका आहे आणि १ ला किती कमी होतो, हे आकड्यांत दाखवा. ते दाखवून तोच नियम पुन्हा यायला १९८७ उजाडलं. मधली वर्षं कामगार १० पीपीएममध्येच काम करत होते.

या वादातून एक चांगली गोष्ट निघाली. जोखीम मोजण्याची पद्धत पक्की झाली. १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ती चार पायऱ्यांत मांडली आणि आज जगभर तीच वापरतात :

१. हा पदार्थ नेमकं काय बिघडवू शकतो?
२. किती मात्रेला किती बिघडवतो?
३. या माणसाच्या शरीरात प्रत्यक्ष किती जातो?
४. वरचं तिन्ही जोडून, या माणसाला जोखीम किती?

धोका आणि जोखीम यांत फरक आहे. बंद कपाटातलं थिनर धोक्याचं आहे, पण जोखीम फारशी नाही. तेच थिनर उघड्या बादलीत, पंखा नसलेल्या गाळ्यात, रोज दहा तास असेल, तर जोखीम मोठी.

आकडा पुढेही उतरतच राहिला. २००४ साली चीनमधल्या तिआनजिनच्या २५० चप्पल कामगारांच्या अभ्यासात १ पीपीएमपेक्षाही कमी बेंझिनमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या दिसल्या. २०२४ साली त्याच अमेरिकन संघटनेने आपली शिफारस ०.०२ पीपीएमवर आणली. १९४६ च्या १०० शी तुलना केली, तर पाच हजार पटींनी कमी. बेंझिन तेच, माणसाचं शरीरही तेच. मधल्या काळात आजारी पडलेल्या माणसांनी तो आकडा खाली आणला.

म्हणून ‘मर्यादेच्या आत’ याचा अर्थ ‘आजवर जे कळलं आहे त्यानुसार’ एवढाच घ्यावा. आणि ती मर्यादा कोणासाठी आहे हेही पाहावं. एक साधा हिशोब करू. १ पीपीएम बेंझिन म्हणजे एक घनमीटर हवेत साधारण ३.२ मिलिग्रॅम. आठ तासांच्या पाळीत माणूस सुमारे १० घनमीटर हवा घेतो. म्हणजे ३२ मिलिग्रॅम बेंझिन श्वासातून आत जातं. आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी २००९ पासून वार्षिक सरासरीची मर्यादा आहे घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. पूर्ण दिवसाच्या २० घनमीटर हवेतून आत जातं ते ०.१ मिलिग्रॅम. फरक तीनशे पटींहून जास्त. कारखान्याचा आकडा प्रौढ, धडधाकट, आठ तासांनी घरी जाणाऱ्या कामगारासाठी धरलेला असतो. गरोदर बाईसाठी, घरात डिंकाच्या डब्याशेजारी झोपणाऱ्या बाळासाठी किंवा बारा तासांच्या डबल ड्युटीसाठी तो काढलेला नाही.

आपल्याकडचा कायदा

१९४८ च्या कारखाना कायद्यात नोंदवण्याजोग्या व्यावसायिक आजारांची यादी होती. त्यात बेंझिन आणि कार्बन डायसल्फाइडची विषबाधा होती. असा रोगी आढळला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं असतं. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. १९६६ साली अहमदाबादला सुरू झालेली संस्था आज राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्या जवळ शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कामाच्या जागच्या हवेत कोणतं रसायन किती चालेल याचं परिशिष्ट जोडलं गेलं. २०२० च्या नव्या संहितेतही आजार कळवण्याची तरतूद आहे.

पण यात दोन भोकं आहेत. पहिलं, कायदा ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या जागेलाच कारखाना मानतो. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी ही संख्या दहा होती, नव्या संहितेत ती वीस झाली आहे. पाच-सात जणांचा गाळा बाहेरच राहतो आणि डिंकाचे डबे तिथेच जास्त उघडे असतात. दुसरं, आजार कळवायचा तर तो आधी ओळखावा लागतो आणि ओळखायचा तर रामाझिनींचा प्रश्न विचारावा लागतो. डोंबिवलीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यात स्फोट झाले, साऱ्या राज्याला कळलं. वीस वर्षं हळूहळू कमी होत गेलेल्या पांढऱ्या पेशींचा आवाज होत नाही.

मग आपण काय करायचं?

*डॉक्टरांना काम सांगा.* ‘कंपनीत आहे’ एवढं पुरत नाही. कोणत्या खात्यात, कोणतं केमिकल, किती वर्षं, हे न विचारताही सांगा. डब्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणा. कंपनीकडे प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट असते, ती मागा.

*वासावर विसंबू नका.* बेंझिनचा वास जाणवू लागतो तेव्हा प्रमाण बहुधा १ पीपीएमच्या वर गेलेलं असतं. शिवाय नाक थोड्या वेळाने सरावतं. ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ हवा स्वच्छ झाली असा नाही. तसंच सुट्टीच्या दिवशी डोकेदुखी थांबते म्हणून शरीरावर परिणाम नाही असंही नाही.

*जुने रिपोर्ट जपा.* पांढऱ्या पेशी ९,००० वरून ४,५०० वर आल्या, तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’च छापून येतं. तो आकडा लॅबच्या मर्यादेशी नव्हे, तुमच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो. बेंझिनचा संबंध येत असेल तर ठरावीक काळाने सीबीसी करून घ्या. टोल्युइनसारख्या काही सॉल्व्हंटसाठी पाळी संपताना दिलेल्या लघवीची तपासणीही उपयोगी पडते.

*आधी हवा, मग मास्क.* झाकण लावलेला डबा, समोरासमोरच्या खिडक्या, वाफ जिथे निघते तिथून ती खेचून बाहेर टाकणारा पंखा, हे पहिले उपाय. कापडी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो आणि ते काडतूस वेळेवर बदलावं लागतं.

*हात पेट्रोलने किंवा थिनरने धुऊ नका.* गॅरेजमध्ये ही सवय फार आहे. पेट्रोलमध्ये आजही एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं. थिनर आणि पेट्रोल कातडीतूनही आत जातात.

*घरातलं काम वेगळ्या खोलीत.* डिंक, पॉलिश, रंगाचं काम घरी करत असाल, तर लहान मुलं आणि गरोदर बाई तिथे नकोत.

*या तक्रारी अंगावर काढू नका :* पायांची बोटं बधिर होणं, चप्पल पायातून निसटणं, विनाकारण निळे डाग, हिरड्यांतून रक्त, वारंवार ताप, सतत थकवा. राज्य कामगार विम्यात बेंझिन आणि कार्बन डायसल्फाइडमुळे होणारे आजार भरपाईस पात्र आहेत. त्यासाठी कामाचा उल्लेख केसपेपरवर असावा लागतो. तो लिहून घ्या.

थिनरचं काम करणारा प्रत्येक जण आजारी पडतो असं नाही, घाबरून नोकरी सोडण्याचं तर मुळीच कारण नाही. फिनलंडमध्ये कारखाना बंद करावा लागला नव्हता, हवा सुधारावी लागली होती. पण अप्सला, ओसाका, इस्तंबूल, सगळीकडे शोध लागला तो माणसं दगावल्यावर. आपल्याला ते ज्ञान तयार मिळालं आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात याल, तेव्हा थिनरचा प्रश्न उठता उठता नको. बसल्याबरोबर पहिल्यांदा तोच सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. काही त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी.)